जिवाणूंची कणगी: कापडाचा रंग, खळीचं पाणी आणि प्लास्टिक

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन चंबू ठेवले होते. दोन्हींत तेच द्रावण, तोच लाल रंग आणि नाल्याच्या गाळातून वाढवलेले तेच जिवाणू. एक चंबू दोन दिवस यंत्रावर सतत हलत होता, दुसरा कपाटात गपचूप ठेवलेला. हलणाऱ्या चंबूत जिवाणू भरपूर वाढले, पाणी गढूळ झालं, पण लाल ते लालच राहिलं. कपाटातल्या चंबूचा रंग मात्र उडाला होता. ताकाच्या निवळीसारखं फिकट पाणी उरलं होतं. वर्गातली एक मुलगी दोन्ही चंबू उजेडात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे बॅक्टेरियानं रंग खाल्ला का? आणि त्याचंच पुढं प्लास्टिक होतं का?"

मी दोन्हीला "नाही" म्हटलं. जिवाणू कापडाचा रंग संपवतात आणि जिवाणू प्लास्टिक बनवतात, असं तिनं वाचलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकीतून दुसरी निघते हे खरं नाही. रंग तोडणं हे एक काम, प्लास्टिक साठवणं हे दुसरं. दोन्ही कामं एकाच आवारात, एकमेकांच्या आधाराने चालू शकतात, आणि मराठवाड्यात कापडप्रक्रिया उभी राहायची असेल तर ती तशीच चालावीत असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या दोघांना जोडणारा धागा रंगाचा नाही, खाद्याचा आहे.

पक्का रंग म्हणजे नेमकं काय

पैठणला रेशमाच्या लड्या रंगवताना बघायला मिळालं तर जरूर बघा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात रंगाची पूड पडते. काठीवर अडकवलेली लडी त्यात फिरवत राहतात. थोड्या वेळाने रंगारी चाचा पळीभर पाणी काढून उजेडात धरतात. पाण्यात रंग फार दिसला तर थोडं ॲसिड आणखी घालतात आणि पुन्हा लडी फिरवतात. पाणी निवळत जातं तसा रंग रेशमावर चढत जातो. रेशमाला रंगाची ओढ असते, त्यामुळे पातेल्यात शेवटी फार काही उरत नाही.

सुताचं तसं नाही. कापसाचा धागा रंगाला सहजासहजी धरत नाही. १९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 'प्रोसियॉन' नावाचे रंग बाजारात आणले. सुतासाठीचे हे पहिले रिॲक्टिव्ह रंग. त्यांच्या रेणूला जणू एक हात असतो आणि तो धाग्याला रासायनिक गाठ मारतो. म्हणून तुमचा गडद सुती कुर्ता पन्नास धुण्यांनंतरही रंग सोडत नाही. पण त्याच हाताने रंगाचा रेणू पाण्यालाही पकडतो. एकदा त्याने पाणी पकडलं की तो धाग्याच्या कामाचा उरत नाही, सरळ सांडपाण्यात जातो. रंग कुठला आणि पद्धत कोणती यावर अवलंबून १० ते ४० टक्के रंग असा वाया जातो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलायला प्रत्येक लिटरमागे पन्नास ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ घालावं लागतं, आणि गाठ पक्की बसायला धुण्याचा सोडा. म्हणजे रंगखान्यातून बाहेर येणारं पाणी रंगीत असतं, खारट असतं आणि अल्कधर्मीही असतं. जिवाणूंना कामाला लावायचं तर याच पाण्यात लावायचं आहे, हे ध्यानात असू द्या.

आता रंग दिसतो कशामुळे? बाजारातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग 'अझो' जातीचे आहेत. या रेणूंच्या मधोमध नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांचे दोन्ही हात धरून उभे असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्बनची कडी असतात. कड्यापासून कड्यापर्यंतची ती सलग रचना उजेडातला काही भाग शोषून घेते, उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. तोच रंग. मधला हा जोड तुटला की रेणूचे दोन तुकडे होतात आणि रंग दिसेनासा होतो. सुती कापडाला काळा करणारा 'रिॲक्टिव्ह ब्लॅक ५' घ्या. त्याच्यात असे दोन जोड आहेत.

हे रंग ऊन, घाम, साबण सगळं सोसतील असेच बनवलेले असतात. कापडावर जो गुण, तोच नाल्यात अवगुण. नदीत आढळणाऱ्या साध्या जिवाणूंना हवेशीर पाण्यात त्यांचं काही करता येत नाही. पाण्यात उजेड शिरत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पतींना ऊन मिळत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटत जातो.

हवा बंद केली की काय होतं

कपाटातल्या चंबूकडे परत येऊ. तो हलत नव्हता, म्हणून त्यात नवी हवा मिसळत नव्हती. जिवाणूला जगायला अन्न लागतं, आपल्यासारखंच. अन्न जाळलं की इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाला तरी द्यावे लागतात. हवा असेल तर ते प्राणवायूला दिले जातात. आपण श्वास घेतो तोही यासाठीच. हवा नसेल तर जिवाणू दुसरा घेणारा शोधतो. रंगातला अझो जोड हा असा घेणारा आहे. अझोरिडक्टेज नावाचं एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, हे देवाणघेवाणीचं काम करतं. एका जोडाला चार इलेक्ट्रॉन मिळाले की तो पूर्ण तुटतो.

हलणाऱ्या चंबूत पाण्यात सारखी हवा मिसळत होती. प्राणवायू सगळे इलेक्ट्रॉन आधीच उचलून नेत होता, रंगाच्या वाट्याला काही येत नव्हतं. म्हणून तिथे जिवाणू जोमाने वाढले, पण रंग तसाच राहिला.

म्हणजे जिवाणूने रंग "खाल्ला" हा शब्द बरोबर नाही. जेवणाचं ताट वेगळं आणि उष्टं ओतायची मोरी वेगळी. रंग ताटात नव्हता, मोरीत होता. ताटात होतं ते आम्ही चंबूत घातलेलं खाद्य. ते घातलं नसतं तर कपाटातला चंबूही लालच राहिला असता. नुसत्या रंगावर जिवाणू जगवायला गेलात तर बहुतेक वेळा ते उपाशी मरतात.

हे काही आजचं ज्ञान नाही. निळीचे रंगारी शेकडो वर्षं हेच करत आले. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती रांजणात चुना नाहीतर खार, आणि गूळ, कोंडा किंवा खजूर असं काहीतरी गोड घालून आंबवायची. रांजणातले जिवाणू ते गोड खातात आणि त्यातले इलेक्ट्रॉन निळीला देतात. निळा रंग मावळून हिरवट-पिवळं, विरघळणारं द्रव्य तयार होतं. कापड त्यात बुडवून वर काढलं की हवा लागते आणि डोळ्यांदेखत ते हिरव्याचं निळं होतं. फरक इतकाच, की निळीचा रेणू मोडत नाही, त्यामुळे तिचा रंग हवेत परत येतो. अझो रंगाचे दोन तुकडे झाले की ते पुन्हा जुळत नाहीत.

आणि हा जोड आपल्या पोटातही तुटतो. आमवाताच्या किंवा मोठ्या आतड्याच्या सुजेच्या रुग्णांना सल्फासलाझिनची गोळी देतात. ती पिवळसर-केशरी असते, कारण ते औषध स्वतःच अझो संयुग आहे. गोळी मोठ्या आतड्यात पोचते, तिथे हवा जवळजवळ नसते. तिथले जिवाणू मधला जोड तोडतात आणि औषधाचे दोन भाग मोकळे होतात. १९३५ साली जगासमोर आलेलं प्रॉन्टोसिल हे औषधही लाल अझो रंगच होतं. काचनळीत ते जंतूंना काही करत नसे, पण अंगात गेलं की काम करी. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की शरीरात जोड तुटून निघणारा बिनरंगी तुकडा हेच खरं औषध. सल्फा औषधांची सगळी पिढी तिथून सुरू झाली. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की नाल्यातल्या गाळाची त्यांची किळस जराशी कमी होते.

रंग गेला, पाणी शुद्ध झालं नाही

इथे घाई करणारे फार आहेत, म्हणून थांबून सांगते. जोड तुटल्यावर जे दोन तुकडे उरतात ते ॲरोमॅटिक अमाइन जातीचे असतात. त्यांना रंग नसतो, पण त्यातले काही मूळ रंगाहून घातक असतात. बेंझिडीन हा त्यातला सगळ्यात बदनाम, त्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो. असे अमाइन देणाऱ्या ११२ रंगांवर भारत सरकारने १९९० च्या दशकात बंदी घातली. पण बंदी नसलेल्या रंगांचे तुकडेही तसेच शेतात सोडावेत असे नसतात.

बिनहवेच्या टाकीत हे तुकडे बहुतेक तसेच राहतात. त्यांची कार्बनची कडी फोडायला प्राणवायू लागतो. म्हणून दोन टाक्या असतात. पहिली झाकलेली, शांत, हवा नसलेली: तिथे रंग तुटतो. दुसरीत खालून हवा सोडलेली: तिथे वेगळे जिवाणू अमाइन खाऊन त्यांचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि अमोनिया करतात. काही चिवट अमाइन तिथेही टिकतात, तेव्हा ते मोजल्याशिवाय बोलू नये. आमचा एक चंबू झाकण न लावता राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यातलं फिकट पाणी पिवळट-तपकिरी दिसायला लागलं. तुटलेल्या तुकड्यांना हवा लागली की त्यांची कधी कधी अशी नवी रंगीत संयुगं बनतात.

आणखी एक फसगत होते. पाणी निवळलं म्हणजे रंग तुटलाच असं नाही, तो जिवाणूंच्या अंगाला नुसता चिकटलेलाही असू शकतो. ओळखायचं कसं? थोडं पाणी नळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवायचं. जिवाणू तळाशी बसतात. तो तळाचा गोळा पांढरट-मळकट असेल तर रंग खरोखर तुटला. गोळाच लाल दिसला तर रंगाने फक्त जागा बदलली, आणि तो गाळ आता धोकादायक कचरा म्हणून सांभाळायचा. फिटकरी, चुना किंवा लोहाचे क्षार घालून रंग खाली बसवण्याची जी पद्धत कारखान्यांत चालते, तिच्यातही हीच अडचण आहे. पाणी स्वच्छ होतं, गाळाचे ढीग वाढत जातात.

शेवटची परीक्षा बियाण्याची. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कापडी रंगांच्या जैविक विघटनावर बरीच वर्षं काम झालंय. अशा अभ्यासांमध्ये ज्वारीचे किंवा मुगाचे दाणे मूळ रंगाच्या पाण्यात, प्रक्रिया केलेल्या पाण्यात आणि साध्या पाण्यात भिजवून ठेवतात. किती दाणे उगवले, मूळ किती लांब गेलं, कोंब किती वर आला, हे पट्टीने मोजतात. महागडं यंत्र नसलेल्या कुठल्याही कॉलेजात हे होऊ शकतं आणि शेतकऱ्याला ते एका नजरेत कळतं.

कणगीतलं प्लास्टिक

आता दुसरा अर्धा भाग. १९२६ साली पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच मॉरिस लेमॉइन्य या शास्त्रज्ञाने बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूच्या पेशीत एक पदार्थ शोधला. पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे त्याचं नाव, थोडक्यात पीएचबी. तो पॉलिएस्टरच्या जातीचा आहे, म्हणजे खरंखुरं प्लास्टिक. पण जिवाणू ते आपल्यासाठी बनवत नाही.

आपल्याकडे ज्वारी चांगली पिकली की घरात कणगी भरायची, वाड्याच्या भिंतीतलं बळद भरायचं, पेव भरायचं. पुढचं साल कसं जाईल याचा भरवसा नाही, म्हणून. जिवाणू अगदी हेच करतो. भोवती साखर, स्टार्च, आम्लं असं कार्बनचं खाद्य भरपूर आहे, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस संपलाय, अशी वेळ आली की तो नवी पेशी बनवू शकत नाही. वाढ थांबते, खाद्य तर समोर आहे. मग तो ते पीएचबीच्या दाण्यांच्या रूपात पेशीत साठवतो. पुढे उपासमार झाली की हेच दाणे फोडून खातो. कुप्रियाव्हिडस नेकेटर नावाच्या जिवाणूत तर कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त पीएचबी भरलेलं आढळतं. म्हणजे घरात माणसांना उभं राहायला जागा नाही इतकी कणगी भरलेली.

सांडपाण्याच्या टाकीत मिश्र जिवाणूंकडून हे करून घ्यायची युक्तीही दुष्काळी मुलखात सहज समजावी अशी आहे. थोडा वेळ भरपूर खाद्य द्यायचं, मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा सुगी, पुन्हा दुष्काळ. ज्यांनी सुगीत साठवलं ते टिकतात, बाकीचे मागे पडतात. काही आठवड्यांत टाकीत साठवण करणाऱ्या जिवाणूंचंच राज्य होतं.

हे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचपट्टीवर सुडान ब्लॅक बी नावाचा रंग टाकतात. पाण्याने धुवून, सॅफ्रनिन या गुलाबी रंगाचा हलका हात देऊन पाहिलं की गुलाबी पेशीत काळे ठिपके दिसतात, डाळिंबाच्या फोडीत दाणे दिसावेत तसे. सुडान ब्लॅक हा स्वतः अझो रंग आहे. रंगाची आणि प्लास्टिकची गाठ माझ्या टेबलावर खऱ्या अर्थाने इथेच पडते.

पीएचबी मातीत आणि समुद्राच्या पाण्यातही विघटन पावतं, कारण त्याला अन्न समजणारे जिवाणू सगळीकडे आहेत. नुसतं "वनस्पतीपासून बनलेलं" असं लिहिलेल्या सगळ्याच प्लास्टिकबद्दल हे म्हणता येत नाही. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारं पीएलए घरामागच्या उकिरड्यात वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. त्याला कंपोस्ट कारखान्यातली ऊब लागते.

मग पीएचबी सगळीकडे का नाही? ते ठिसूळ असतं. साधारण १७५ अंशांना वितळतं आणि २०० च्या थोडं वर गेलं की बिघडायला लागतं, म्हणजे साचात ओतताना फार जपावं लागतं. त्यात व्हॅलरेट नावाचा भाग मिसळला की ते लवचीक होतं. आयसीआयनेच, होय, रिॲक्टिव्ह रंग आणणाऱ्या त्याच कंपनीने, असं प्लास्टिक बायोपॉल नावाने काढलं आणि १९९० साली जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्या विकायलाही आल्या. पण साध्या प्लास्टिकपेक्षा ते कितीतरी पट महाग पडलं. आजही भाव हीच मोठी अडचण आहे. खर्चाचा मोठा वाटा जिवाणूंच्या खाद्याचा, आणि त्यानंतर पेशी फोडून दाणे वेगळे काढण्याचा.

एक टन कापडाचा हिशेब

त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देते. एक टन सुती कापड रंगवायचं आहे असं धरा. कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग, म्हणजे २० किलो. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तर ४ किलो रंग सांडपाण्यात आला. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ च्या वजनात कार्बन जेमतेम तिसरा हिस्सा असतो, बाकी गंधक, ऑक्सिजन, सोडियम वगैरे. म्हणजे सव्वा-दीड किलो कार्बन. त्यातला कणन् कण जिवाणूने प्लास्टिकमध्ये भरला, जे कधीच होत नाही, तरी दोन-अडीच किलोच्या वर काही मिळणार नाही. आणि हे एक टन कापडामागे.

आता त्याच कापडाची खळ बघा. मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याच्या धाग्याला स्टार्चची खळ देतात, घरी सुती साडीला कांजी देतो तशीच. रंगवायच्या आधी ही खळ काढून टाकावीच लागते, नाहीतर रंग एकसारखा चढत नाही. एक टन कापडामागे ५० किलो खळ धरली तर सगळीच्या सगळी त्या पहिल्या पाण्यात उतरते. ती काढायला वापरतात ते अमायलेज एन्झाइमही जिवाणूंकडूनच मिळवलेलं असतं आणि ते स्टार्चचे बारीक तुकडे करून ठेवतं, म्हणजे जिवाणूंसाठी अर्धं चावलेलं जेवण. परिस्थिती चांगली जमली तर तीन किलो साखरेमागे साधारण एक किलो पीएचबी मिळतं. म्हणजे ५० किलो खळीतून सोळा-सतरा किलो. सांडपाण्यात एवढा उतारा पडणार नाही, पण निम्मा पडला तरी रंगापेक्षा कितीतरी जास्त.

तीच खळ रंगाच्या टाकीलाही हवी आहे. मघाशी म्हटलं तसं, खाद्याशिवाय जिवाणू रंग तोडत नाही. बिनहवेच्या टाकीत स्टार्च आंबून त्याची ॲसेटिक, प्रॉपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं होतात, त्या वेळी सुटणारे काही इलेक्ट्रॉन रंगाला मिळतात आणि ही आम्लं म्हणजे पीएचबी साठवणाऱ्या जिवाणूंचं आवडतं खाद्य. कागदावर साखळी पुरी होते: पहिल्या टाकीत रंग तुटला आणि आम्लं बनली, दुसऱ्या हवेच्या टाकीत अमाइन संपले आणि त्याच आम्लांचं प्लास्टिक झालं.

मी मात्र ही साखळी अशी एका नळीत ओवायच्या विरुद्ध आहे. काही रंगांमध्ये तांबं किंवा क्रोमियम असतं. ते धातू आणि न तुटलेले अमाइन जिवाणूंच्या गाळाबरोबर प्लास्टिकमध्ये येणार, आणि आपण तर ते मातीत कुजावं म्हणून बनवतोय. रोपवाटिकेची पिशवी म्हणून ते शेतात पुरलं तर आपण रंगखान्याचं विष हाताने बांधावर नेलं. खळीचं पाणी रंगाच्या आधी निघतं आणि त्यात रंग नसतोच. मग ते वेगळं धरता येतं. त्यातला थोडा भाग रंग तोडणाऱ्या टाकीला भाकरी म्हणून द्यावा, उरलेला प्लास्टिकच्या टाकीला.

दोन अडचणी सांगायला हव्यात. होजिअरीच्या कापडाला खळ लागत नाही, तिथे हा हिशेब चालत नाही. आणि अनेक ठिकाणी खळीत पीव्हीए हा कृत्रिम पदार्थ मिसळतात, तो फार थोड्या जिवाणूंना पचतो. खाद्य कमी पडलं तर साखर कारखान्याची मळी आहे, तिच्या वजनात जवळपास निम्मी साखर असते. पण मळीला अल्कोहोलच्या कारखान्यांकडून मागणी आहे, आणि आपल्या उसाला किती पाणी लागतं हे लातूर-बीडच्या माणसाला मी सांगायला नको. मोसंबीच्या सालीचा, बाजार समितीतल्या फळांच्या कचऱ्याचा रस मला जास्त बरा वाटतो.

मीठ कुठे जाणार

परभणी, जालना, बीड, नांदेड इथला कापूस जिनिंगमधून गाठी होऊन बाहेर जातो. कापडावरच्या प्रक्रियेचे मोठे कारखाने आपल्याकडे थोडे. ते यावेत, पोरांना इथेच काम मिळावं, असं प्रत्येक सभेत बोललं जातं, आणि मलाही ते हवं आहे. पण एक किलो सुती कापडाच्या ओल्या प्रक्रियेला जुन्या पद्धतीत १०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ते सगळं पाणी पाच टन कापडाला पुरलं असतं, जास्त नाही. म्हणून इथे पाणी एकदा वापरून सोडून देण्याची चैन परवडणारी नाही. ते स्वच्छ होऊन परत त्याच यंत्रात गेलं पाहिजे.

जिवाणू रंग तोडतील, अमाइन खातील, पण मीठ त्यांना काढता येत नाही. हे स्पष्ट सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. असं खारं, सोडायुक्त पाणी आपल्या काळ्या रानात वर्षं-दोन वर्षं गेलं की सोडियम मातीचे कण सुटे करतो, पाणी मुरत नाही, वर पांढरट थर येतो. जमीन चोपण झाली असं आपण म्हणतो ते हेच. मीठ वेगळं काढायला आरओसारखी गाळणी आणि त्यानंतर पाणी आटवणारी यंत्रणा लागते, तिला वीज लागते, खर्च येतो. जिवाणूंनी आधीचं काम नीट केलं तर या गाळण्या लवकर चोंदत नाहीत, इतका त्यांचा उपयोग नक्की.

पण मिठाचा एक फायदाही आहे. खाऱ्या पाण्यात साधे जिवाणू जगत नाहीत, त्यामुळे मीठ सोसणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. मंठ्याहून पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर लागतं. त्याचं पाणी खारट आणि धुण्याच्या सोड्यासारखं अल्कधर्मी, जवळपास रंगखान्याच्या पाण्याचाच स्वभाव. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की तो रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा. याच कुळातला हॅलोफेरॅक्स मेडिटेरेनी हा सूक्ष्मजीव पीएचबीच्या जातीचं लवचीक प्लास्टिक साठवतो. त्याची पेशी मिठाच्या पाण्यात घट्ट राहते आणि गोड्या पाण्यात टाकली की आपोआप फुटते, दाणे मोकळे होतात. महागड्या रसायनांनी पेशी फोडायचा खर्च तिथे वाचतो. चीनमधल्या एका खाऱ्या सरोवरातून काढलेल्या हॅलोमोनास या मीठ सोसणाऱ्या जिवाणूवरही मोठं काम झालंय, पण कारण वेगळं: खाऱ्या टाकीत इतर जंतू घुसत नाहीत, त्यामुळे सगळं निर्जंतुक ठेवायची धडपड कमी होते.

आमच्या भागात कुणी रंगखाना काढायच्या विचारात असेल तर माझी एकच विनंती असते. खळीच्या पाण्याची नळी, रंगाच्या पाण्याची नळी आणि शेवटच्या धुण्याची नळी नकाशावरच तीन वेगळ्या काढा. नंतर फरशी फोडून ते होत नाही, आणि एकदा तिन्ही पाणी एका नाल्यात मिसळलं की त्यातून खाद्य वेगळं काढणं कुणालाच जमत नाही.

त्या मुलीने मागच्या आठवड्यात प्रयोग पुढे नेला. प्रयोगशाळेचं विकत आणलेलं खाद्य बाजूला ठेवून तिने घरून तांदळाची पेज आणली, तिची आई साड्यांना देते तीच. त्यात चिमूटभर यीस्टचा अर्क, तोच लाल रंग, तोच गाळ. चंबू कपाटात ठेवला. दोन दिवसांऐवजी तीन दिवस लागले, पण रंग गेला. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढून तिने आधी तळ बघितला, गोळा पांढराच होता. आता मोड यायला ज्वारीचे दाणे भिजत घातलेत आणि पुढच्या चंबूत लिटरला पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने मीठ घालायचं ठरलंय.